विचित्र लक्षणं आणि मज्जासंस्थेचे दुर्मिळ आजार: निदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात पण त्रास थांबत नाही, त्यांच्यासाठी आणि त्यांना घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या घरच्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. दुर्मिळ आजाराचा धागा बहुतेक वेळा रुग्णाच्या हकिकतीत सापडतो आणि तपासण्या त्याला दुजोरा देतात. त्यामुळे हकिकत नीट सांगितली जावी आणि नीट ऐकली जावी, हा माझा आग्रह जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसेल. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

दुर्मिळ म्हणजे नक्की किती दुर्मिळ?

युरोपीय संघात दोन हजार लोकांत एकापेक्षा जास्त जणांना होत नाही तो आजार दुर्मिळ धरतात. अमेरिकेच्या कायद्यात देशभरात दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण अशी मर्यादा आहे. एकेक आजार दुर्मिळ असला, तरी असे सहा हजारांहून जास्त आजार माहीत आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आजारांत मेंदू, मज्जारज्जू, नसा किंवा स्नायूंवर परिणाम होतो.

तरीही विचित्र लक्षणामागे दुर्मिळ आजारापेक्षा नेहमीचाच आजार असण्याची शक्यता जास्त. बी१२ची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम घसरणं, अर्धशिशी, चालू औषधांचे दुष्परिणाम हे सगळं चित्रविचित्र रूपं घेऊन येतं. डॉक्टर आधी साध्या तपासण्या करतात तेव्हा ते तुमचं म्हणणं उडवून लावत नसतात. तो क्रम बरोबरच आहे.

कोणत्या लक्षणांत थांबायचं नाही?

एकाएकी तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू होणं. आयुष्यातली पहिली आकडी, किंवा पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली आकडी. तापासोबत गोंधळलेपण. ठसका लागून गिळता न येणं. लघवी अचानक अडणं. यांतलं काहीही झालं तर थेट तातडीच्या विभागात जायचं, पुढची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पायांतून सुरू झालेली कमजोरी दिवसागणिक वर चढत असेल (गियान-बारे सिंड्रोममध्ये असं होतं), तर श्वासाचे स्नायू फारसा गाजावाजा न करता थकत जातात. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन बराच वेळ ठीक दिसत राहतो. दवाखान्याच्या वाटेवर रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. सकाळी तीसच्या पुढे जाणारा माणूस संध्याकाळी पंधरावर अडकत असेल, तर पोहोचताक्षणी पहिलं वाक्य तेच सांगा. आकडा चांगला आला म्हणून घरी थांबू मात्र नका.

माझं लक्षण इतकं विचित्र आहे की सांगायची लाज वाटते. सांगू का?

सांगा, आणि तुमच्याच शब्दांत सांगा. लक्षण जितकं विचित्र, तितकं ते कमी आजारांत सापडतं, आणि शोध तितका आटोपशीर होतो. "चक्कर येते" या वाक्यामागे शेकडो कारणं असू शकतात. पण "डोळे इकडून तिकडे फिरवले की कानात त्याचा आवाज येतो" असं कुणी म्हटलं, तर कारणं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरळ होऊन तिथे फट पडली, की स्वतःची पावलं, नाडीचे ठोके, अगदी बुबुळांची हालचालसुद्धा ऐकू येते आणि मोठ्या आवाजाने गरगरतं. लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये हा विकार नीट मांडला. त्याआधी अशी तक्रार करणाऱ्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना करवत नाही.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या घेऊन माणूस पोटाच्या डॉक्टरांकडे जातो, एंडोस्कोपी होते, काही सापडत नाही. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात मेंदूच्या देठातल्या उलटीच्या केंद्राला सूज येऊन असंच होतं, आणि नजर किंवा पाय जाण्याआधीची ती एकमेव सूचना असू शकते. अॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी त्याच टप्प्यावर झाली, तर पुढचा मोठा झटका टाळायला वेळ मिळतो.

खळखळून हसू आलं की गुडघे लटके पडतात, मान पुढे झुकते, पण शुद्ध पूर्ण असते: हा कॅटाप्लेक्सी, म्हणजे नार्कोलेप्सीचा (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा) एक भाग. बसलेले असताना पटकन उठलं की हात-पाय काही सेकंद वेडेवाकडे पिळवटतात आणि मग सगळं ठीक: यामागे हालचालीने सुरू होणारा डिस्कायनेशिया (अनावर हालचालींचा विकार) असू शकतो, आणि तो बहुधा कार्बामाझेपिन या फिटच्या औषधाच्या अगदी छोट्या डोसाने आटोक्यात येतो.

मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण उभं राहताना होणाऱ्या कंपाचं. रुग्ण म्हणतो, "चालताना काही नाही, बसलो की काही नाही, पण एका जागी उभं राहिलो की पाय जातील असं वाटतं." रांगेत उभं राहायला तो घाबरतो. पायांकडे नुसतं बघून काही दिसत नाही, कारण कंप सेकंदाला १३ ते १८ वेळा, इतका बारीक असतो. डॉक्टरांनी उभ्या रुग्णाच्या पोटरीवर स्टेथोस्कोप टेकवला, तर लांबून हेलिकॉप्टर यावं तशी घरघर ऐकू येते. पुढे ईएमजीत (स्नायूंच्या विद्युत तपासणीत) तोच वेग मोजून निदान पक्कं होतं. रुग्णाने "पाय दुखतात" असं गुळमुळीत सांगितलं असतं, तर स्टेथोस्कोप पोटरीपर्यंत पोहोचलाच नसता.

डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटं मिळतात. त्यात काय सांगायचं?

काळ सांगा. मज्जासंस्थेच्या आजारात काय होतंय याच्याइतकंच ते किती वेगाने आलं हे महत्त्वाचं. क्षणात आलेलं लक्षण रक्तवाहिनीकडे किंवा आकडीकडे बोट दाखवतं. काही दिवस ते काही आठवड्यांत वाढत गेलेलं असेल तर सूज, जंतुसंसर्ग किंवा प्रतिकारशक्तीचा बिघाड मनात येतो. वर्षानुवर्षं हळूहळू सरकणारं असेल तर अनुवंशिक किंवा झिजेचा आजार. येणारं-जाणारं असेल तर ती यादी आणखी वेगळी. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, पण शोधाची दिशा त्यावरूनच ठरते.

त्यानंतर, कशाने सुरू होतं आणि कशाने थांबतं. उपाशी राहिल्यावर? दचकल्यावर? तापात? पाळीच्या आधी? व्यायामानंतर लगेच, की दुसऱ्या दिवशी? सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट? झोप झाली की सुधारतं? यातलं शेवटचं उत्तर किती मोलाचं ठरतं ते पुढे लेवोडोपा या औषधाच्या उदाहरणात दिसेल.

तिसरं, तुम्हाला असंबद्ध वाटणाऱ्या जुन्या गोष्टी. लहानपणी सतत जुलाब व्हायचे, विशीत मोतीबिंदू झाला, आणि आता तोल जातोय. तीन वेगळ्या डॉक्टरांना सांगितलेल्या या तीन गोष्टी एकाच माणसाने एकत्र ऐकल्या, तर सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस (शरीरात चरबीसारखे पदार्थ साचण्याचा अनुवंशिक आजार) हे नाव पुढे येतं आणि रक्तातल्या कोलेस्टॅनॉलची तपासणी मागवली जाते. तसंच वर्षानुवर्षांचा कोरडा खोकला. छातीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल, आणि मग बऱ्याच वर्षांनी अंधारात तोल जायला लागतो, तळपायांची संवेदना कमी होते. या जोडीमागचा आरएफसी१ जनुकातला दोष २०१९मध्ये सापडला. न्यूरोलॉजिस्टसमोर खोकल्याचा विषय कोण काढणार? म्हणूनच सांगतोय, काढा.

हे सगळं एका कागदावर तारखांनिशी लिहून न्या. त्यात चालू आणि बंद केलेली सगळी औषधं, गावठी आणि पूरक गोळ्यांसकट. जाडजूड फाइल सोबत असू द्या, पण डॉक्टरांच्या हातात आधी तो एक कागद द्या.

मोबाइलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना चालतं का?

चालतं, आणि येऊन-जाऊन होणाऱ्या त्रासात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं फारसं काही नाही. झटका दवाखान्यात येईलच याचा भरवसा नसतो. आधी रुग्णाला सुरक्षित ठेवा, मग कॅमेरा. शक्यतो पूर्ण अंग दिसू द्या, चेहरा आणि डोळे नक्की येऊ द्या (डोळे उघडे आहेत की घट्ट मिटलेले, यावरून बरंच कळतं), मधेच रुग्णाचं नाव घेऊन एखादी सोपी गोष्ट करायला सांगा आणि झटका संपल्यावरही थोडा वेळ चित्रण चालू ठेवा. प्रकाश चांगला हवा.

व्हिडिओने काय साधतं याचं एक उदाहरण. मध्यमवय उलटलेल्या माणसाचा एका बाजूचा चेहरा आणि त्याच बाजूचा हात दोन-तीन सेकंद आखडतो, दिवसातून कित्येक वेळा. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल. सोडियम थोडं कमी. फिटच्या गोळ्यांनी फारसा फरक नाही. हे झटके ओळखणाऱ्या डॉक्टरांना ते बघताक्षणी एलजीआय१ अँटिबॉडीचा मेंदूदाह (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूला आणलेली सूज) आठवतो. विसरभोळेपणा आणि गोंधळ सुरू होण्याआधी प्रतिकारशक्तीवरचे उपचार मिळाले, तर स्मृती वाचण्याची शक्यता वाढते. शब्दांत सांगितलं असतं तर ते "हाताला मुरडा येतो" एवढंच राहिलं असतं.

एमआरआय नॉर्मल आहे. म्हणजे काहीच झालेलं नाही, असंच ना?

नाही. तंबोऱ्याच्या फोटोत तुटलेली तार दिसते, तो बेसूर लागतोय का ते दिसत नाही. एमआरआयचंही तसंच आहे. गाठ, रक्तस्राव, सूज, झीज तो छान दाखवतो, पण पेशी एकमेकींशी कशा बोलतायत हे त्यात येत नाही. मायस्थेनियात (स्नायू लवकर थकण्याच्या आजारात) बिघाड नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर असतो, तिथे मेंदूचा एमआरआय नॉर्मल येणारच. एनएमडीए रिसेप्टरच्या (मेंदूच्या पेशींवरच्या एका प्रथिनाविरुद्धच्या) मेंदूदाहात माणूस बेशुद्धीच्या काठावर असतानाही निम्म्याहून अधिक रुग्णांचा एमआरआय नॉर्मल असतो. ताठर व्यक्ती सिंड्रोम, नार्कोलेप्सी, बरेचसे डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अंग पिळवटणारे विकार), बारीक नसांचे आजार, सगळीकडे तीच कथा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एमआरआय कुठल्या भागाचा केला, कोणत्या पद्धतीने केला आणि कोणता प्रश्न मनात ठेवून वाचला, यावर त्याचं उत्तर अवलंबून असतं. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या झपाट्याने बुद्धी नेणाऱ्या आजारात मेंदूच्या सालीवर उमटणारी चकाकती कड डिफ्युजन पद्धतीच्या चित्रांत दिसते, एरवी नजरेतून निसटते. म्हणून एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं "डोकेदुखी" लिहिलेलं असेल, तर खरी शंका सविस्तर लिहून द्यायची विनंती करा. जुन्या तपासणीचा फक्त रिपोर्ट जपू नका, चित्रांची सीडीही जपा. नवीन डॉक्टर चित्रं स्वतः बघतील, आणि त्यांनी ती बघावीत.

याच्या उलट, वयापरत्वे दिसणारे बारीक पांढरे ठिपके किंवा थोडी झिजलेली चकती बऱ्याच निरोगी लोकांतही सापडते. रिपोर्टात काहीतरी छापलंय म्हणून तेच तुमच्या त्रासाचं कारण ठरत नाही.

पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. अपंगत्व येईल का?

या भीतीने खूप निदानं लांबतात, म्हणून स्पष्टच सांगतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात, जिथे फक्त सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात. पाय जाण्याची भीती वाटते, पण तसं होणं अत्यंत विरळ. नंतर डोकं दुखू शकतं, विशेषतः उठून बसल्यावर, आणि बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर तेही कमी होतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा डोक्यातला दाब वाढल्याची शंका असेल, तर डॉक्टर आधी त्याची खबरदारी घेतात.

मिळणारी माहिती मोठी असते. एनएमडीए रिसेप्टरच्या मेंदूदाहाच्या २५० रुग्णांच्या एका अभ्यासात पाठीतल्या पाण्यात सगळ्यांना अँटिबॉडी सापडल्या. रक्त तपासलं तेव्हा साधारण १४ टक्के रुग्ण निसटले. लहान मुलात उपाशीपोटी वाढणारी आकडी किंवा विचित्र हालचाली असतील, तर त्या पाण्यातली साखर आणि त्याच वेळची रक्तातली साखर यांतली तफावत ग्लुट१ या साखरवाहक प्रथिनाच्या कमतरतेकडे नेते. तिथे कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय) आहाराचा उपचार आहे.

डॉक्टर म्हणाले, "सगळं मानसिक आहे." पटत नाही. काय करू?

याचं उत्तर दोन टोकांकडून द्यावं लागेल, कारण चुका दोन्हीकडे होतात.

पहिलं टोक. खरोखर शारीरिक आजार वेडाचं रूप घेऊन येतात. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये एनएमडीए रिसेप्टरचा मेंदूदाह वर्णन केला. आधी अगदी धडधाकट असलेली एखादी तरुणी काही दिवसांत संशयी होते, झोपत नाही, असंबद्ध बोलते. थेट मनोरुग्णालयात दाखल होते. मग आकडी येते, ओठ आणि जीभ चावल्यासारखी हलत राहतात, बोलणं बंद होतं, नाडी आणि रक्तदाब वरखाली होतात. काही जणींत बीजकोषात टेराटोमाची गाठ असते आणि ती काढणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो. ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के जण दोन वर्षांत चांगले सावरले. मानसिक आजाराचा कसलाही इतिहास नसताना काही दिवसांत उलगडलेला वेडाचा झटका आणि सोबत आकडी, ताप, हालचालींतला बदल किंवा मनोविकाराच्या औषधांनी अंग ताठरणं, यातलं काही असेल तर "मेंदूदाह असू शकतो का?" हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा.

दुसरं टोक. फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर हा खरा आजार आहे आणि न्यूरोलॉजीच्या दवाखान्यात तो अजिबात दुर्मिळ नाही. त्यात मेंदूची रचना शाबूत असते, पण हालचाल किंवा संवेदना वापरण्याची वाट बिघडते. रुग्ण नाटक करत नसतो. महत्त्वाचं असं की हे निदान "बाकी काही सापडलं नाही म्हणून" करायचं नसतं, त्याला स्वतःच्या खुणा आहेत. हूवर यांनी १९०८मध्ये सांगितलेली खूण बघा. एक पाय कमजोर असलेल्या रुग्णाला आडवं झोपवून "ती टाच गादीत दाबा" म्हटलं, तर जोर लागत नाही. मग त्या टाचेखाली हात तसाच ठेवून दुसरा, चांगला पाय वर उचलायला सांगायचं. आता त्याच कमजोर पायाची टाच आपोआप हातावर दाबली जाते. ताकद आहे, पण मुद्दाम बोलावली की येत नाही. ही खूण रुग्णाला दाखवून समजावणारे डॉक्टर भेटले, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते, कारण फिजिओथेरपी नेमकी याच फटीतून आत शिरते.

तेव्हा डॉक्टरांना शांतपणे विचारा: "हे निदान तुम्ही कोणत्या खुणेवरून केलंत?" उत्तरात खूण मिळाली तर निदानावर विश्वास ठेवा. जुने अभ्यास तपासल्यावर असं दिसलं, की १९७०नंतर या निदानात नंतर चूक निघण्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. उत्तर फक्त "रिपोर्ट नॉर्मल आहेत" एवढंच असेल, तर दुसरं मत घ्या. आणि एका माणसाला दोन्ही आजार असू शकतात, हेही डोक्यात असू द्या.

कोणते दुर्मिळ आजार अजिबात निसटता कामा नयेत?

ज्यांच्यावर उपचार आहेत ते. शक्यता कमी असली तरी ते आधी तपासावेत, असं माझं ठाम मत आहे.

विल्सन रोगात तांबं यकृतात आणि मेंदूत साचतं. तरुण माणसाचं अक्षर बिघडतं, बोलणं जड होतं, हात पसरले की पंखासारखे फडफडतात, स्वभाव बदलतो. सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेची तपकिरी-हिरवट कड, एवढ्यावर बरंचसं चित्र स्पष्ट होतं. उपचार आयुष्यभर, पण उपचार आहे. चाळिशीच्या आतल्या कोणत्याही नव्या कंपाच्या किंवा डिस्टोनियाच्या रुग्णात हा आजार तपासल्याशिवाय फाइल बंद करू नये.

लेवोडोपाने सुधारणारा डिस्टोनिया. मूल सकाळी बरं चालतं, संध्याकाळपर्यंत पाय आत वळतात, झोपून उठलं की पुन्हा बरं. कित्येक मुलांवर सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसतो आणि तो मोठेपणीही पुसला जात नाही. मेंदूचा एमआरआय नॉर्मल, जन्माच्या वेळी काही अडचण नाही, आणि त्रास दिवसभरात वाढत जातो, अशा मुलाला लेवोडोपा देऊन बघणं हा अगदी साधा उपाय. डोस छोटा लागतो, आणि फरक पडला की तो घरच्यांना न सांगता दिसतो.

तीव्र पोरफिरिया (शरीरात हीम हा रक्तातला घटक बनवण्याच्या प्रक्रियेतला बिघाड): पोटात असह्य दुखणं, पोटाच्या तपासण्या स्वच्छ, मग भास, सोडियम घसरणं आणि हातापायांची कमजोरी. लघवी उजेडात ठेवली की गडद होते. त्रास चालू असतानाच लघवीतलं पोरफोबिलिनोजेन तपासायचं आणि नमुना उजेडापासून झाकून न्यायचा. बार्बिच्युरेट, फेनिटोइनसारखी औषधं हा झटका आणखी भडकवतात, म्हणून नाव लवकर कळणं जीव वाचवणारं ठरतं.

मायस्थेनिया: दिवस मावळताना पापणी उतरते, दोन-दोन दिसतं, जेवता जेवता जबडा थकतो. उतरलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं धरला आणि पापणी वर आली, तर शंका बळावते. आणि लहान मुलांतले बायोटिन-थायमिनने सुधारणारे आजार: बायोटिनिडेझची कमतरता, किंवा तापानंतर अचानक गोंधळ आणि ताठरपणा आणणारा बेसल गँग्लियाचा (मेंदूच्या आतल्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागाचा) आजार. इथे उपचार म्हणजे जीवनसत्त्वं. शंका आली की रिपोर्टची वाट न बघता ती सुरू करतात.

निदान पक्कं नसताना उपचार सुरू केला. हे बरोबर आहे का?

बऱ्याचदा हो. प्रतिकारशक्तीच्या मेंदूदाहात अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि मेंदू तेवढा थांबत नाही. म्हणून लक्षणं, ईईजी, पाठीतलं पाणी यांवरून शंका पक्की झाली आणि जंतुसंसर्ग व इतर कारणं बाजूला पडली, की स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं सुरू करतात. फक्त दोन गोष्टी बघा. शक्य असेल तिथे नमुने उपचाराआधी घेतलेले असावेत. आणि "फरक पडला" म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवलेलं असावं. स्टेरॉइडने चार दिवस तरतरी बऱ्याच जणांना वाटते, तेवढ्यावर निदान होत नाही.

घरात कुणालाच नाही, मग आजार अनुवंशिक कसा?

आई-वडील दोघेही फक्त वाहक असू शकतात, किंवा जनुकातला बदल मुलात नव्यानेच झालेला असतो. कधी घरात तो असतो पण "आजोबा जरा धडपडायचे" एवढ्यावर विषय संपलेला असतो. वंशवेल काढताना त्या आजोबांबद्दल नीट विचारा. जवळच्या नात्यातलं लग्न असेल तर तेही न लपवता सांगा.

जनुकीय चाचणी केली की उत्तर मिळेलच ना?

मिळेलच असं नाही. एक्झोम चाचणीत जनुकसंचाचा प्रथिनं घडवणारा भाग वाचतात, तो सगळ्याच्या एक-दोन टक्केच असतो. रुग्ण नीट निवडले तर साधारण २५ ते ४० टक्क्यांत उत्तर मिळतं. उरलेल्यांत "काही सापडलं नाही" याचा अर्थ "अनुवंशिक नाही" असा होत नाही. हंटिंग्टन, फ्रीड्रिकचा अॅटॅक्सिया, वर सांगितलेला आरएफसी१चा आजार यांत डीएनएचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो. नेहमीच्या एक्झोममध्ये असे दोष सहसा पकडता येत नाहीत, त्यासाठी वेगळी चाचणी मागवावी लागते. मायटोकाँड्रियाच्या डीएनएचंही तसंच, आणि तिथे कधी रक्तात दोष दिसत नाही, लघवीत किंवा स्नायूत दिसतो. म्हणून "सगळी जनुकं तपासली" हे वाक्य कुणी म्हटलं तर काय तपासलं आणि काय राहिलं, ते लिहून मागा.

रिपोर्टात "अनिश्चित महत्त्वाचा बदल" असं आलं तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. जनुकीय बदलांच्या पाच पायऱ्या असतात, निर्धोक ते रोगकारक, आणि ही मधली पायरी. म्हणजे आज पुरावा कुठल्याच बाजूला पुरेसा नाही. त्यावरून कुणाची शस्त्रक्रिया, गर्भपात किंवा लग्न ठरवायचं नसतं. आई-वडिलांची तीच चाचणी केली की बऱ्याचदा हा गुंता सुटतो. आणि चाचणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला, विशेषतः अजून लक्षणं नसलेल्या भावंडांची चाचणी करायची असेल तेव्हा. तो निर्णय ज्याचा त्याचा, घरच्यांनी रेटायचा नाही.

इंटरनेटवर किंवा एआयला लक्षणं विचारावीत का?

विचारा, पण नावाऐवजी प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा. "मला अमुक सिंड्रोम आहे" म्हटलं की समोरचा माणूस बचावात जातो. "हसल्यावर गुडघे जातात, यावरून नार्कोलेप्सीची तपासणी करावी का?" याला मुद्देसूद उत्तर मिळतं. आणखी एक धोका म्हणजे यादी वाचून झाल्यावर लक्षणं त्या यादीसारखी आठवायला लागतात. म्हणून तुमचा तो तारखांचा कागद शोधाशोध करण्याआधी लिहून ठेवा.

किती वर्षं लागतात? निदान लागलंच नाही तर?

युरोपात दुर्मिळ आजाराच्या हजारो रुग्णांची पाहणी झाली, त्यात निदानाला सरासरी जवळजवळ पाच वर्षं लागल्याचं दिसलं. हा काळ छोटा नाही आणि तो घरादाराला पोखरतो.

निदान न लागणं हीसुद्धा एक अवस्था आहे, आणि तिचंही वेळापत्रक असावं. ठरावीक काळाने एकाच डॉक्टरांनी पुन्हा तपासावं, कारण आजार उलगडत जातो आणि नवी खूण दिसते. जुना एक्झोमचा डेटा दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचून घ्यावा. दरम्यान नवी जनुकं सापडलेली असतात, आणि नवं रक्त न घेताही काही जणांना उत्तर मिळतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८मध्ये निदान न लागलेल्या आजारांसाठी खास कार्यक्रम सुरू केला आणि असे प्रयत्न आता इतर देशांतही चालतात. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना मोठ्या शिक्षण-रुग्णालयात किंवा अशा केंद्रात पाठवायची विनंती करा. बरेच डॉक्टर ती आनंदाने मान्य करतात. दर महिन्याला नवा डॉक्टर बदलण्यापेक्षा हे जास्त फळतं, कारण नवा माणूस दरवेळी पहिल्या पानापासून सुरू करतो.

आणि नाव नसलं तरी त्रासावर उपचार थांबवायचे नसतात. ताठरपणा, वेदना, झोप, गिळणं, पडणं, खचलेलं मन, यातल्या प्रत्येकावर आजही काही ना काही करता येतं.

निदान झालं, पण औषध नाही म्हणतात. मग त्या नावाचा उपयोग काय?

बराच आहे. अनावश्यक तपासण्या आणि चुकीची औषधं थांबतात. काय टाळायचं ते कळतं: पीओएलजी जनुकाच्या आजारात व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध दिलं तर यकृत निकामी होऊ शकतं, मायस्थेनियात काही अँटिबायोटिक आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम श्वास अडवू शकतं. भावंडांना आणि पुढच्या गर्भारपणाला नेमकी माहिती मिळते. काय पाहत राहायचं ते ठरतं: हृदय, डोळे, श्वास, की एखादी लपलेली गाठ. रुग्णांच्या नोंदणीत नाव गेलं तर पुढे औषधाची चाचणी सुरू झाल्यावर बोलावणं येऊ शकतं.

यातलं एक काम आजच करता येईल. आजाराचं नाव, चालू औषधं, टाळायची औषधं आणि तुमच्या न्यूरोलॉजिस्टचा फोन नंबर एका कार्डावर लिहा आणि ते पाकिटात ठेवा. त्याचा फोटो घरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री तातडीच्या विभागात भेटणाऱ्या डॉक्टरांनी हा आजार आधी कधी पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त, आणि तेव्हा बोलण्याच्या स्थितीत तुम्ही असालच असं नाही.